तव्यावरची अक्षरं

पोलीस ॲक्शननंतर गावातली उर्दू शाळा मराठी झाली. वैजीनाथनं मात्र बायकोला, पारूबाईला बजावलं, "पोरीला आधी वाचता आलं पायजे, मगच शाळेत नाव घालीन. न्हाईतर म्हशी हायतच."

त्यांची लेक दैवशाला पाटीला हात लावायची नाही. मग माहेरी भावाकडून अक्षरं शिकलेल्या पारूबाईनं सणासाठी राखलेल्या गव्हाची कणीक मळली. कणकेची अक्षरं वळून ती तव्यावर भाजायची. जे अक्षर ओळखलं, ते दैवशालानं खायचं. उन्हाळा सरेपर्यंत पोरगी पाथरीच्या बाजारातल्या पाट्या अडखळत का होईना, वाचू लागली.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी वैजीनाथनं कोळशानं भिंतीवर स्वतःचं नाव लिहिलं. त्याला तेवढंच लिहिता यायचं.

"वाच."

दैवशाला पहिल्या अक्षरापाशी थांबली. मग ते सोडून पुढचं म्हणाली, "जीनाथ."

"बापालाच खाल्लंस की गं! पहिलं अक्षर काय हाय?"

"ते आईनं कंदी भाजलंच न्हाई."

वैजीनाथ बायकोवर उखडला. "लय शिकीवलंस! सणाचा गहू नासला आन् पोरीला बापाचं नाव येईना. उद्यापसून म्हशीमागं जाईल ती. एवढं एकच अक्षर कसं ऱ्हायलं गं?"

पारूबाईनं पदर पुढं ओढला.



"धन्याच्या नावाचं पहिलं अक्षर विस्तवावर कसं ठिवू वो?"