दारातला पाहुणा

“आला बघ परत तुझा पाहुणा,” शेजारच्या खुर्चीतला चष्मिस म्हणाला.

तिने पडद्याकडे पाहिलं. सर्व्हरच्या दारात पुन्हा तोच पत्ता. नुसते आकडे, ना नाव ना गाव. दर दोन सेकंदांनी जोडणी मागत होता.

“कसला चिवट आहे मेला!” ती म्हणाली.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात त्यांची कंपनी एक बटण अडकवायची. दाबलं की तळमजल्यावर घंटा सांभाळणाऱ्या काकांच्या टेबलाशी घंटा वाजायची आणि काका मदत धाडायचे. घंटांचं यंत्र तिथेच, काकांच्या पाठीमागे. वरच्या सर्व्हरवर फक्त त्या म्हाताऱ्यांच्या मुलांसाठीचं ॲप. तेच आज सकाळपासून ठप्प होतं. सर्व्हर एका वेळी पाचशे जोडण्या घ्यायचा आणि पाचशेच्या पाचशे भरलेल्या. साहेबांनी एक वाजेपर्यंत मुदत दिली होती.

“मर्यादा वाढवून टाक ना,” चष्मिस म्हणाला.

“मेमरी बोंबलेल. आधी फुकटे हाकलू.”

दहा मिनिटं गप्प बसलेली जोडणी तोडायची, असा नियम तिने घातला. तीनशे जोडण्या पटापट गळाल्या. ॲप जरा हललं. पण सुटलेल्या जागा ताटकळलेल्यांनी लगेच भरल्या आणि पाहुणा काही हटेना.

तिचं तरी लक्ष कुठे होतं कामात! आईच्या गळ्यातही तेच बटण होतं. चष्मा सापडेना, दाब बटण. बल्ब गेला, दाब बटण. तेही एकदा दाबून गप्प बसेल तर ती आई कसली. काकांचा फोन येईपर्यंत दाबतच राहायची. मग काका वर फोन करून सांगायचे आणि अख्खा मजला फिदीफिदी हसायचा.

काल तिचा तोल गेला. “आता मरायला टेकलीस तरच दाब!” ती आईला म्हणाली होती.

आई नुसतं “बरं” म्हणाली. ते ‘बरं’ सकाळपासून तिचा पिच्छा सोडत नव्हतं. जीभ का झडली नाही आपली, असं तिला वाटत होतं. तिने दोनदा फोन लावून पाहिला. आईने उचलला नाही.

रुसलीय, दुसरं काय. काही झालं असतं तर काकांची घंटा वाजली नसती का? ती स्वतःची समजूत घालत राहिली.

“एवढा जीव खाऊन कोण मागतंय गं?” चष्मिस म्हणाला. “भूतबीत तर नाही ना?”

“असेना का. माझ्या पाचशेत भुतांना जागा नाही.”

एका पत्त्यावरून मिनिटाला तीनपेक्षा जास्त वेळा मागणी आली की त्याला दार बंद, असा दुसरा नियम तिने लिहिला आणि बटण दाबलं. ॲप लोण्यासारखं चालायला लागलं.

पाहुणा तरीही बाहेरून ठोठावत होता. दोन सेकंदांनी. मग पाच. मग बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा एकदा. का कोण जाणे, पडद्यावरून तिची नजर हलेना. बारा चाळीसला ठोठावणं थांबलं.

“दमलं तुझं भूत,” चष्मिस म्हणाला.

साहेबांनी येऊन शाबासकी दिली. तिने तिथेच अर्ध्या दिवसाची रजा मागितली. घरी जाऊन आईच्या पायावर डोकं ठेवायचं, रागावली तर रागावू दे. ती तरातरा जिना उतरली.

काका शब्दकोडं सोडवत बसले होते.

“काका, आज आईने दाबलं का हो बटण?”

“छे! एकदाही नाही.” काका खूश होते. “तिचंच काय, सकाळपासून कुणाचीच घंटा नाही. इतका निवांत दिवस मी जन्मात पाहिला नव्हता.”

तिची नजर त्यांच्या पाठीमागे गेली. भिंतीशी नुसतं स्टूल होतं आणि त्यावर धुळीत उमटलेला चौकोन.

“यंत्र कुठंय, काका?”

“ते होय? काल संध्याकाळीच काढून नेलं. आता सगळ्या घंटा तुमच्या वरच्या सर्व्हरवरूनच यायच्या म्हणे. तुला नाही सांगितलं कुणी?”