पूर्वीचा फोटो

ओसाड जागा काही केल्या सापडत नव्हती. अच्युत देशमुख सकाळपासून भाठ्यावर फिरत होते आणि जातील तिथे गवत त्यांच्या गुडघ्याला लागत होतं.

“इथून घे. इथं जरा लाल दिसून राहिलं.”

अनुश्रीनं मोबाइल वर धरला. पडद्यावर मुरमाचा हातभर पट्टा आला, तिन्ही बाजूंनी गवत, आणि कोपऱ्यात एक गाय.

“गाय येतेय, सर.”

“गाय नको. गाय आली की चारा आला.”

नव्या रायपुरात दोन सेक्टरांच्या मधे उरलेलं हे चाळीस हेक्टरांचं माळरान. गावातले लोक त्याला भाठा म्हणत. फाइलीत मात्र ते ‘मरुसदृश क्षेत्र’ होतं, कारण पाहणीला कुणीतरी मे महिन्यात येऊन गेलं होतं. वर्षाला बाराशे मिलिमीटर पाऊस पडणारं वाळवंट अनुश्रीनं आधी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. आता या वाळवंटाचं पुनरुज्जीवन व्हायचं होतं: वरचा थर खरवडायचा, खड्डे करायचे, चाळीस हजार रोपं लावायची, कुंपण घालायचं, पाच वर्षं गुरांना बंदी. प्रस्तावाला दोन फोटो लागत, ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’. पूर्वीचा फोटो तीस दिवसांच्या आतला हवा, खाली अक्षांश-रेखांश आणि वेळ छापलेली हवी. आणि हा सप्टेंबर होता.

अनुश्री वनस्पतिशास्त्राची एमएससी. प्रस्ताव तयार करायचं काम अच्युतरावांकडे होतं; वनस्पतींची यादी करायला त्यांनी तिला तीन महिन्यांसाठी घेतलं होतं. मीटरभर चौकट टाकून, उकिडवं बसून तिनं त्रेसष्ट जाती मोजल्या होत्या. त्यांतल्या दोन किडे खाणाऱ्या, नखाएवढ्या. यादी पाहून अच्युतराव म्हणाले होते, “मस्त आहे. बाइंडिंगमध्ये मागून लावून देऊ.”

“काका,” ती आता म्हणाली. चिडली की ती ‘सर’ विसरायची. जुन्या रायपुरातल्या ब्राह्मणपाऱ्यात दोघांची घरं एकाच गल्लीत होती. “जे ओसाड नाहीच ते ओसाड कसं दाखवायचं? हे गवताळ रानच आहे. याला काही झालेलं नाही.”

“तू शिकली लय, पोट्टी, पण तुले फाइल समजत नाही. वाळवंट असंल तरच मंजुरी येते. नाही तर इथं काय होते? प्लॉट पडतात. मी वाचवूनच राहिलो ना ही जागा!”

त्यात खोटं काही नव्हतं. तिला त्याचीच जास्त चीड आली.

अच्युतरावांनी घाम पुसला, घड्याळ पाहिलं आणि रस्त्याकडे हात केला. तिथे नमुन्याचे खड्डे खणायला आणलेला जेसीबी उभा होता.

“अरे भैया, जरा इधर लाना. बस ऊपर ऊपर से.”

“काका, काय करताय?”

“फोटोपुरतं.”

दहा मिनिटांत बॅडमिंटनच्या कोर्टाएवढी जमीन लाल झाली. तुटलेल्या मुळांचा ओला वास आला. एक टिटवी डोक्यावर ओरडत गोल फिरत राहिली. अनुश्रीनं फोटो काढला, कारण तिनं काढला नसता तर अच्युतरावांनी काढला असता, आणि त्यांच्या फोटोत नेहमी बोट येई. वेळ छापली गेली, अकरा बावन्न.

“वा! सहारा आहे सहारा. आता नंतरचा घे.”

“नंतरचा दहा वर्षांनी घ्यायचा असतो.”

“नमुना चित्र म्हणून लागते. फक्त पाठ फिरव ना, बाप्पा.”

तिनं पाठ फिरवली. गुडघाभर गवत, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेलं, मधे पिवळी फुलं. अकरा त्रेपन्न.

बारा वाजता भाठ्याच्या कडेला मांडवात ग्रामसभा बसली. टीव्हीच्या पडद्यावर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लागले. पहिल्या रांगेत कुसुमबाई होत्या, मांडीवर काठी आडवी ठेवून. गावची साठ गुरं त्या याच भाठ्यावर चारत.

अच्युतरावांनी माइक घेतला. “बताइए, आपको गाँव का भविष्य कैसा चाहिए? ऐसा लाल? या ऐसा हरा?”

हिरव्यासाठी सगळे हात वर झाले. कुसुमबाईंचा सर्वांत आधी.

“लिही, सर्वानुमते,” अच्युतराव खाली वाकून अनुश्रीला म्हणाले. तिच्या पेनाचं टोक कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

हात खाली आले. कुसुमबाईंचा आला नाही.

“हाँ दीदी, बोलो,” अच्युतराव माइकवर म्हणाले.

“ये तो हमर भाठा आय,” हिरव्या फोटोकडे काठी करत कुसुमबाई म्हणाल्या. “आजे के भाठा. अइसने रही त बने हे.” हा आजचाच भाठा, असाच राहिला तर बरं, असं त्यांचं म्हणणं. मग काठी मांडवाबाहेर वळली. “फेर ओ मशीन काबर आए हे?”

सगळ्या माना जेसीबीकडे वळल्या. अच्युतरावांनी पाण्याची बाटली उघडली, बंद केली.

“मशीन काहून आणली म्हणते ते,” ते पुटपुटले आणि माइक अनुश्रीच्या हातात दिला. “तू सांग ना काहीतरी. सायन्सचं.”

अनुश्रीनं शब्द जुळवायचा प्रयत्न केला. खरं आणि पुरं असं उत्तर एकच होतं.

“फोटो खींचने के लिए,” ती म्हणाली.

कुसुमबाईंनी जेसीबीकडे पाहिलं, मग अनुश्रीच्या मांडीवरच्या मोबाइलकडे. त्यांचा हात अजून वरच होता.