अडवलेला ईमेल

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात मी ज्या चर्चची पाळक आहे, तिथला ईमेल सर्व्हर वॉरन सांभाळतो. त्याची बायको ग्रेटा शस्त्रक्रियेच्या तारखेसाठी इस्पितळाच्या ईमेलची वाट बघत होती, आणि तो काही येईना.

"तुझ्या स्पॅम फिल्टरनंच गिळला असणार," ती म्हणाली.

वॉरननं अडवलेल्या ईमेलची यादी काढली. इस्पितळाचा त्यात नव्हताच. माझा मात्र एक होता. अडवण्याचं कारण: पाठवल्याची तारीख पुढच्या गुरुवारची.

"इंगा, तुझं घड्याळ फारच पुढे धावतंय गं," तो हसला.

मी काही पाठवलंच नव्हतं. त्यानं ईमेल उघडला.

'वॉरन, ग्रेटाला मूठमाती देताना तिच्या आवडीचीच प्रार्थना म्हटली. आता दोन घास खाऊन घे.' खाली माझं नाव, आणि मी नेहमी लिहिते तोच आशीर्वाद.

ग्रेटा खुर्ची ओढून जवळ सरकली.

"सापडला ना? मग वाच की मोठ्यानं."