झोपेचं तेल

"अहो, इथे झोप लागत नाही. घरून झोपेचं तेल आणा," हॉस्पिटलच्या खाटेवरून श्यामला म्हणाली.

नारायण पेठेतल्या घरी दिगंबररावांनी तिचं कपाट उघडलं. वाळा, दवणा, जटामांसी, सगळी तेलं तिनेच केलेली. पण लेबलांवर नावं मात्र पुराणातली. शबरी, अहल्या, मंदोदरी, ऊर्मिला. "तेलाला तेलाचं नाव द्यायला काय होतं?" ते नेहमी विचारायचे. "गोष्ट ऐका, म्हणजे कळेल," ती म्हणायची, आणि ते पेपर उघडायचे.

शेवटी ते सगळ्या बाटल्या आणि तिचं पुराणकथांचं जाडजूड पुस्तक पिशवीत घालून परतले. तोवर श्यामलाची शुद्ध हरपली होती. "आता त्या जाग्या होतील असं वाटत नाही," डॉक्टर म्हणाले.

दिगंबरराव खुर्ची ओढून वाचायला बसले. वनवासात लक्ष्मणाला जागता यावं म्हणून ऊर्मिलेने त्याच्या वाटची झोपही स्वतःकडे घेतली होती. त्यांनी ऊर्मिलेची बाटली शोधली आणि दोन थेंब उशीवर टाकले.

"ऐकली गं गोष्ट," ते म्हणाले.

पुढच्या पानावर ऊर्मिला जागी होणार होती. त्यांनी पुस्तक मिटलं.