मागची ओळ

"चावून बघ, बोहू." नटबरने विड्याचं पान सुनेच्या हातावर ठेवलं. "जीभ भाजते की नाही?"

कुंतला पानमळ्याच्या दाराबाहेरच उभी होती. आत बाईने पाऊल टाकायचं नाही. वेल म्हणजे लक्ष्मी, ती बाटते.

मळ्यातल्या सात ओळी काळे डाग पडून कुजल्या होत्या. हिरवी होती एकच, अगदी मागची. मुलगा पारादीप बंदरात कामाला गेल्यापासून तळ्यातून तिथवर घागरी नेणं नटबरच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं. त्याच्या पाण्याशिवायही ती ओळ तरारलेली. तो तिला देवीची ओळ म्हणायचा; सुनेच्या हातावरचं पान तिच्यातलंच.

"बापा, पानातलं तिखट तेलच बुरशीला मारतं," कुंतला म्हणाली. वनस्पतिशास्त्र शिकली होती ती. "या ओळीत ते जास्त असेल, तर हिचेच तुकडे लावून सगळा मळा पुन्हा उभा राहील. आमच्या कॉलेजात तपासून घेऊ. सगळ्या ओळींची पानं द्या. मुळाशीची मातीही."

"आता देवीला तपासणार तुझ्या बाई!" तो हसला, पण पुड्या बांधून दिल्या. कुंतलाने सोबत चिठ्ठी लिहिली आणि घागर घेऊन परसातल्या हातपंपाकडे गेली.

"घरात माणसं दोन, आणि हिला पाणी किती लागतं," तो पुटपुटला. मग कुजलेले वेल त्याने नेहमीसारखे तळ्यात सोडले. लक्ष्मीला कुणी जाळत नाही.

आठव्या दिवशी मळ्याच्या मागच्या बाजूला कूड सैल झालेला दिसला. बांबूवर पायाच्या अळित्याचा लाल डाग. आतल्या ओल्या मातीत लहान पावलं.

"आत गेली होतीस?"

"रोज जाते, बापा."

"रोज! आणि मी देवाला विचारतोय, मळा कुजला कशाने!"

"मी फक्त मागच्या ओळीत..."

"म्हणजे तीही बाटवलीस! तुझ्या सासूने चाळीस वर्षं आत डोकावलं नाही. तशीच गेली बिचारी. तू पदवी घेऊन आलीस आणि लक्ष्मीलाच तुडवलंस. ऊठ, माहेरी जा."

हातपंपाखालची घागर कुंतलाने उपडी घातली आणि दुपारच्या बसने गेली.

एवढी एक ओळ तरी वाचायला हवी होती. नटबरने तळ्यात अंघोळ केली. मग गुडघे धरत, थांबत थांबत, तळ्याच्या सात घागरी आणून त्याने मागच्या ओळीच्या मुळांशी ओतल्या. शुद्ध झाली. सातवी घागर रिकामी होत असताना फोन वाजला.

कॉलेजातल्या बाई होत्या. "मउसा, तेल सगळ्या ओळींत सारखंच निघालं. पानं सगळीच लढली हो. पण सात ओळींच्या मातीत बुरशी भरलीय, आणि कुठल्या ओळीला कुठलं पाणी, ते चिठ्ठीत लिहिलंय; त्यावरून दिसतंय, ती तळ्याच्या पाण्यातून आली. कुंतलाला सांगा, मागच्या ओळीला रोज घालते तसं हातपंपाचंच पाणी घालत राहा."