रूटचं टपाल

"पेशंट पहाटेपासून उपाशी आहे," हॉस्पिटलातली सिस्टर फोनवर तिसऱ्यांदा म्हणाली. "रिपोर्ट हातात आल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशनला घेत नाहीत. तोंडी सांगितलेलं आमच्याकडे चालत नाही, बाई."

लॅबचा मेल सांभाळणारीने फोन ठेवला आणि रिपोर्ट पाठवायची तीच कमांड पुन्हा मारली. सत्तावीस रिपोर्ट दारात उभे, सर्व्हर आत घेत नव्हता. सकाळपासून तिने वायर बदलली, सर्व्हर दोनदा बंद-चालू केला, नेटवाल्याशी भांडून झालं. सर्व्हर ढिम्म. मागे साहेब येरझाऱ्या घालत होते. त्यांचे बूट तिच्या डोक्यात वाजत होते.

मग जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते तिने केलं. डिस्क बघितली. शंभर टक्के भरलेली. ठेवायलाच जागा नाही, तर पाठवणार काय, कपाळ?

भरली होती नानांच्या मेलबॉक्सने. नाना तिच्या आधी हेच काम करायचे. आठ महिन्यांपूर्वी त्यांना काढलं होतं.

"जाताना घाण करून गेला म्हातारा," साहेब म्हणाले. "पुस सगळं. आणि वर कळवशील त्यात चूक त्याचीच लिही."

तिने मेलबॉक्स उघडला. पत्रं माणसांची नव्हती, यंत्राची होती. यंत्राला काही दुखलं-खुपलं की ते 'रूट'ला, म्हणजे आपल्या मालकाला, लिहितं. रूट कुणी माणूस नसतो. त्याच्या नावापुढे कुणा खऱ्या माणसाचा मेलचा पत्ता घालावा लागतो. इथे तो नानांचा होता. नानांना काढलं, त्यांची खुर्ची काढली, दारावरची पाटी काढली. पत्ता बदलायचं कुणाच्या बापाला सुचलं नाही. तिलाही नाही. यंत्र बोंबलत राहिलं. डिस्क सत्तर टक्के. ऐंशी. नव्वदच्या पुढे तर दर पाच मिनिटांनी एक पत्र, सोबत दिवसभराची अख्खी नोंद. त्या बोंबांनीच डिस्क भरली.

तळाशी एकच पत्र माणसाचं होतं. नानांनी शेवटच्या दिवशी साहेबांना लिहिलेलं, त्याची प्रत. तिने ते मोठ्याने वाचलं.

"उद्यापासून रूटचं टपाल कुणाकडे जाणार ते सांगा. तसं लावून देतो आणि निघतो."

त्या पत्राला साहेबांनी पाठवलेलं उत्तर मेलबॉक्समध्ये कुठेच नव्हतं. बूट थांबले.

"ही काय वाचनाची वेळ आहे?" साहेब म्हणाले.

नव्हतीच. तिने गेल्या महिन्याची पत्रं पुसली, रिपोर्ट जातील एवढीच जागा केली. नानांचं पत्र राहू दिलं. रिपोर्ट एकेक करून सुटले. सिस्टरला फोन लावला. "आला," ती म्हणाली आणि पुढचं न ऐकताच ठेवून दिला.

"आता तरी त्याचा पत्ता काढ तिथून."

तिने काढला. त्या जागी साहेबांचा घातला आणि बदल लागू केला.

"तुमचा घातलाय, साहेब."

डिस्क अजून सत्त्याण्णव टक्के भरलेली होती. साहेबांच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी तो काढला, न वाचताच टेबलावर पालथा घातला आणि वर कळवायचा कागद तिच्यापुढे सरकवला. 'चूक कोणाची' या ओळीवर बोट ठेवून ते उभे राहिले. ती पेन उचलेना.

पाच मिनिटांनी फोन पालथ्या पडल्या पडल्याच पुन्हा थरथरला, आणि त्या कागदाकडे बोटभर सरकला.