खोटी विद्यार्थिनी

खोट्या विद्यार्थिनीने उत्तर लिहिलं होतं. रहातचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

महिनाभर ती डोंगरातल्या नारिन गावच्या आपल्या शाळेसाठी ऑनलाइन शिकवण्याचे ओपन सोर्स मंच धुंडाळत होती. हिवाळ्यात रस्ते बंद झाले की मुलं घरीच अडकत, आणि विकतचा मंच शाळेला परवडत नव्हता. चौथा मंच तिच्या मनात भरला. मुलांना चाचणी कशी दिसते ते बघायला तिने घरच्या संगणकावर एक खोटी विद्यार्थिनी तयार केली आणि गंमत म्हणून तिला आपलं माहेरचं नाव दिलं. सकाळी निघताना ते खातं बंद करायचं राहून गेलं.

आता शाळेतल्या संगणकावर इतिहासाच्या दुसऱ्या प्रश्नाखाली त्याच नावाने मजकूर आला होता. "मी जिपार. मला लग्नासाठी उचलून आणलंय. घर कोणाचं माहीत नाही. पडद्यामागे बसवलंय. मारतायत. कोणी वाचत असेल तर या."

ते खातं फक्त तिच्या घरच्या संगणकावर उघडं होतं. रहात घराकडे धावत सुटली.

अंगणात लग्नाच्या जेवणासाठी मेंढी कापलेली होती. सासू मागच्या खोलीच्या दारात आडवी पडली होती. सुनेला बघून ती उठून बसली, वाट दिली आणि पुन्हा आडवी झाली. आत दोन नणंदा एका पोरीच्या डोक्यावर लग्न कबूल केल्याचा पांढरा रुमाल बांधायला झटत होत्या. पोरीचा ओठ फाटला होता. तिच्या मुठीत एका नणंदेचे केस होते.

रहातने पोरीचा हात धरला. नवरदेव, तिचाच मुलगा मिर्लान, मध्ये आला.

"आई, तू यायच्या आत उरकायचं होतं आम्हाला. आता गप बस."

त्याने तिला ढकललं. तिचं कपाळ चौकटीवर आपटलं आणि डोळ्यात रक्त ओघळलं. तिने शेगडीची सळई उचलून त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. पोटचं पोर किंचाळलं तसं तिचं काळीज चरकलं, तरी सळई तिने खाली टाकली नाही. नणंदा भिंतीला चिकटल्या.

जिपार दारापर्यंत पळाली आणि तिथेच थबकली.

"ओलांड मला," म्हातारी पडल्यापडल्या म्हणाली. "जन्मात सुख लागणार नाही तुला."

म्हाताऱ्या बाईला ओलांडून गेलेल्या पोरीचं वाटोळं होतं, हे त्या खोऱ्यात लहान पोरीही जाणतात. जिपार मागे सरली आणि तिने स्वतःच रुमालाकडे हात नेला.

तेवढ्यात रहातने पाय उचलला आणि सासूच्या अंगावरून पलीकडे गेली. तिथून तिने हात पुढे केला.

"ये. शाप लागायचा तो मला लागला."

बावीस वर्षांपूर्वी याच दारात, याच म्हातारीपुढे, ती स्वतः मागे सरली होती.